पूर्णेच्या घाटावरची पन्नी

पौषातल्या जत्रेनंतर गावच्या ग्रुपवर घाटाचा व्हिडिओ आला. पूर्णेच्या काठी पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पन्न्या, म्हणजे पातळ प्लास्टिकचे तुकडे. खाली वाद जुंपलेला. कुणी म्हणतं दंड लावा, कुणी पंचायतीला शिव्या घालतं. काकाजींनी निकालच दिला, "आपल्या लोकायले शिस्तच नाई. तुह्या जर्मनीत पाय, कसं चकचकीत रायते."

मी रोस्टॉकला राहतो. वार्नेम्युंडेचा समुद्रकिनारा इथून जवळच. काकाजी, जुलैतल्या रविवारी संध्याकाळी ती वाळू बघा. सिगारेटची थोटकं, पिझ्झ्याची खोकी, फुटके प्लास्टिकचे पेले. सोमवारी ती स्वच्छ दिसते, कारण पहाटे कुणीतरी ती साफ केलेली असते आणि त्याला त्याचे पैसे मिळालेले असतात. पाहुण्यांकडून इथे कर घेतात, देखभालीला तो कामी येतो. सिगारेटच्या फिल्टरवाल्यांना आणि वेष्टणवाल्यांना 2024 पासूनच्या विक्रीवर सफाईच्या निधीत पैसे भरायला लावलेत.

बाटल्या मात्र वाळूत फारशा दिसत नाहीत. 2003 पासून इथे एकदा वापरायच्या बाटली-डब्यावर 25 सेंट अनामत आहे, म्हणजे वीस रुपयांच्या वर. दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की पैसे परत. ज्याला कंटाळा येतो तो ती कचराकुंडीशेजारी उभी ठेवतो, कुणी गरजू म्हातारा उचलून नेतो. त्या म्हाताऱ्यांना पाहून मला वाईट वाटतं, तेही सांगायला हवं.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं कुणी म्हणू नये. निलगिरीत 2022 पासून दारूच्या बाटलीवर दहा रुपये अनामत घेतात. महाराष्ट्राच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीतही बाटल्या परत घेण्याची तरतूद होती. आमच्या जत्रेत ती मला कधीच दिसली नाही.

पण आपला खरा प्रश्न बाटलीचा नाहीच. बाटली भंगारवाला नेतो. पन्नीला तो हात लावत नाही, कारण तिला भावच नाही. ती पहिल्या पुरात वाहून जाते. पूर्णा चांगदेवला तापीत मिळते, तापी सुरतेच्या पुढे समुद्राला. विदर्भाला समुद्र नाही म्हणून आपण सुटलो, असं कसं म्हणता येईल?

ऋणमोचनला याच पूर्णेवर गाडगेबाबांनी घाट उभारला. त्यांचा खराटा आपण भाषणांत फार मिरवतो. पण त्यांच्या काळी पंगत उठली की पळसाच्या पत्रावळी उकिरड्यात कुजून खत व्हायच्या. आज झाडून गोळा केलेली पन्नी टाकायची कुठे, याचं उत्तर खराट्याजवळ नाही. पोतं भरतं आणि गावाबाहेर पेटवलं जातं, तो धूर मी लहानपणापासून पाहिलाय.

म्हणून माझं पंचायतीला मागणं दंडाचं नाही. दंड मागायला जत्रेत कोण कुणामागे धावेल? दुकानाची जागा देतानाच पाचशे रुपये अनामत घ्या, सोबत दोन पोती द्या. शेवटच्या रविवारी भरलेली पोती आणली की पैसे परत. पन्नी तालुक्याला न्यायच्या ट्रॅक्टरचं भाडं जागाभाड्यातून काढा. थर्माकोल आणणाऱ्याला जागाच देऊ नका, पत्रावळी लावणाऱ्या बाया गावात अजून आहेत.

काकाजींनी विचारलंय, "अन् खर्ऱ्याचं काय करशीन?" खर्रा घोटणारा ठेलेवालाही जागा मागायला येतोच ना, काकाजी. त्याची अनामत हजार ठेवा.