खाड्या मोजा, किलोमीटर नंतर

दिवाळी संपली की इनबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास येतो. "ताई, कोकणात सायकल घेऊन जायचंय, समुद्राला लागून जाणारा सपाट रस्ता सांगा ना." 'लागून'पर्यंत ठीक आहे. 'सपाट' वाचलं की हसू येतं, कारण सहा वर्षांपूर्वी आम्हीही तोच शोधत होतो.

आमच्याकडे रूट ठरवायचं खातं नवऱ्याकडे आहे. त्याने दापोलीजवळच्या मुरुडहून गणपतीपुळे एका दिवसात लावलं. मध्ये दोन फेरीबोटी, अंतर सव्वाशेच्या आत. "पुण्यात शंभर मारतोच की आपण, आणि हा तर किनारा." किनारा म्हणजे उंची शून्य, असा त्याचा हिशेब. दुपारी तीन वाजता आम्ही गुहागरला एका घराच्या पडवीत आडवे झालो होतो. घरच्या काकूंनी सोलकढीचा दुसरा तांब्या आणून ठेवला आणि विचारलं, "एष्टी बंद आहे का हो?"

चूक किलोमीटरची नव्हती, भूगोलाची होती. कोकणात किनारा सलग नाहीच. सावित्री बाणकोटला, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, मुचकुंदी पूर्णगडला समुद्राला मिळते आणि प्रत्येक मुखाशी खाडी. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळपठार. गाव, माडाच्या वाड्या, पुळण, सगळं खाली. रस्ता मात्र शे-दीडशे मीटर चढून सड्यावर जातो, थोडा वेळ सरळ चालतो आणि पुढच्या खाडीत धाडकन उतरतो. कमावलेली उंची तिथे संपली. पुन्हा शून्यापासून सुरू. गाडीवाल्याला यातलं काही कळत नाही, तो फक्त गिअर बदलतो.

तेव्हापासून आमचा नियम: दिवसाला एकच मोठी खाडी, आणि तीही सकाळीच ओलांडायची. फेरीबोटीतून उतरलं की समोर चढ असतोच, तो उन्हात अंगावर घ्यायचा नाही. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बोटीची वेळ विचारून यायची.

त्या हिशेबाने माझा सगळ्यात आवडता दिवस म्हणजे गुहागर ते गणपतीपुळे, साठएक किलोमीटर. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, मग तवसाळला फेरीबोट आणि पलीकडे जयगड. इथे खाडी सकाळी गाठायची तर गुहागर अंधारातच सोडायचं. हेदवीची बामणघळ भरतीला बघण्यासारखी असते, घळीत घुसलेलं पाणी कारंज्यासारखं उडतं. पण भरतीची वेळ आणि बोटीची वेळ जुळत नसेल तर बोट धरा. घळ कुठे जात नाही.

पहिल्यांदाच जाताय, सोबत मुलं आहेत, तर दिवेआगर ते श्रीवर्धन. विसेक किलोमीटर, शेखाडीवरून. हाच तो शेखाडीचा किनारा, 1993 साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरवलं गेलं तो. चढ आहेत, पण मुलांनाही झेपतील असे, आणि बराच वेळ समुद्र इतका जवळ की लाटेचा आवाज चेनच्या आवाजात मिसळतो. इतका चांगला रस्ता असून लोक अलिबाग-काशीदलाच का गर्दी करतात, मला कळत नाही. म्हणजे कळतं. मुंबईहून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो आहे, सायकल बोटीवर चढवली की झालं. पण 31 डिसेंबरच्या आठवड्यात त्या रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे लग्नाच्या वरातीत चतकोर जागा शोधणं. जायचंच असेल तर मंगळवारी जा.

आता दिशा. यावर माझे आणि नवऱ्याचे अजून वाद होतात. सगळे मुंबईकडून खाली निघतात. आपण चालवतो डावीकडून, म्हणजे दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला, आणि मध्ये अख्खा रस्ता, समोरून येणारा डंपर, त्याची धूळ. मालवणहून वर निघालात तर समुद्र डाव्या हाताला, मध्ये कुणी नाही. माझं मत ठाम आहे, खालून वर यावं. नवरा म्हणतो, वारा? तेही खरं. शाळेत पाठ केलेले मतलई वारे आणि खारे वारे इथे मांडीच्या स्नायूंना कळतात. पहाटे वारा जमिनीवरून येतो, त्याचा त्रास नाही. अकरानंतर समुद्रावरून सुटतो, हिवाळ्यात बहुतेक वायव्येकडून, म्हणजे वर जाणाऱ्याच्या थेट तोंडावर. माझं उत्तर सोपं आहे. अकरानंतर सायकल चालवायचीच कशाला? साडेपाचला निघा, अकराला मुक्कामी पोचा, मासे खा, झोपा.

तसंही अकरानंतर सड्यावर थांबू नये. सावली नाही, कातळ तापतो, पाण्याची बाटली अंगाला लावली तर चटका बसतो. सकाळी सातला तोच सडा वेगळा असतो. आडिवरे-कशेळीच्या बाजूला तर याच कातळावर कातळशिल्पं कोरलेली आहेत, तिथे थोडं थांबायला हरकत नाही.

मोबाइलच्या नकाशावर फार भरवसा नको. आंजर्ल्याच्या अलीकडे त्याने आम्हाला चार किलोमीटर वाचवणारा जवळचा रस्ता दाखवला. आधी काजूची बाग, मग गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, आणि शेवटी पाखाडी. जांभ्याच्या पायऱ्या, शेवाळ धरलेल्या. सायकल खांद्यावर, पेडलला अडकणारे क्लीटचे बूट हातात, अनवाणी उतरलो. खाली एक आजोबा सुपारी सोलत बसले होते. "वरून रस्ता आहे की!" म्हणाले. वाचलेले चार किलोमीटर तासाभराला पडले.

रस्ता माणसाला विचारावा, पण कुठल्या माणसाला हे महत्त्वाचं. मोटारसायकलवाला "चढ? छे, जरासा आहे" म्हणतो आणि पुढे दोन किलोमीटर तुम्ही सगळ्यात हलक्या गिअरवर. विचारायचं सायकलवरून फिरणाऱ्या पाववाल्याला. आता तेही मोपेडवर गेलेत, पण क्वचित पोंपों ऐकू येतं. देवगडच्या अलीकडे असाच एक भेटला. माझ्या टायरला बोटाने दाबून म्हणाला, "बारीक आहे ताई, तुम्ही खालून वाडीतून जा, वर खडी टाकलीय." त्याचं ऐकलं, वाचले. पुढच्या वेळी 32 एमएमचे रुंद टायर आणि चढ हलका जावा म्हणून मागच्या चाकाला 34 दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे गिअरच्या चकत्यांचा संच, लावून गेले.

रोज रात्री चेन पुसा. लाल धूळ आणि खारी हवा यांची मिळून जी पेस्ट होते ती दोन दिवसांत चेन खाते.

जायचं असेल तर लवकर जा, याला कारण आहे. बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ऐकत आलेला रेवस-रेड्डी सागरी महामार्ग आता मनावर घेतलाय, मोठ्या खाड्यांवर पूल यायचेत. गावातल्या माणसाला रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचं तर पूल हवाच, त्याला माझा विरोध असायचं कारण नाही. पण बोटीच्या कठड्याला सायकल टेकवून, कोळणींच्या टोपल्यांशेजारी उभं राहून खाडी ओलांडायची ती दहा मिनिटं पुलावर मिळायची नाहीत.

आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मालवणहून वर निघतोय. नवऱ्याने पहिल्याच दिवसाला दोन खाड्या लावल्या होत्या. एक खोडलीय.