बदक पाण्यातलं म्हणून अंडं ओलं ठेवायचं नसतं

इंदुरातल्या मराठी गटांमध्ये बदकाची अंडी घरी उबवण्याबद्दल एक संदेश पुन्हापुन्हा फिरतो. थोडक्यात मजकूर असा: बदक पाण्यातला पक्षी, म्हणून इन्क्युबेटरमध्ये पहिल्या दिवसापासून आर्द्रता 75–80 टक्के ठेवा, पाण्याचं भांडं कधी रिकामं होऊ देऊ नका, अंडी आधी गार पाण्यानं स्वच्छ धुवा, यंत्र कुठलंही असो, तापमान 37.5 अंश, आणि 28व्या दिवशी पिल्लू बाहेर आलं नाही तर कवच फोडून सोडवा. यातली पहिली सूचना सगळ्यात जास्त पिल्लं मारते, म्हणून आधी तीच घेऊ.

अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. उबवण चालू असताना त्यांतून आतलं पाणी वाफ होऊन जातं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी तेवढी वाढते. 25–26व्या दिवसाच्या सुमारास पिल्लू चोचीनं आतला पापुद्रा फोडून याच पोकळीत चोच घालतं आणि फुप्फुसांनी पहिला श्वास घेतं. सुरुवातीपासून 80 टक्के दमटपणा असेल तर पाणी पुरेसं बाहेर पडत नाही, पोकळी लहान राहते, आणि ओलं, सुजलेलं पिल्लू श्वासाला जागा न मिळाल्यानं मरतं. पूर्ण वाढलेलं, पिसं आलेलं पिल्लू कवचातच मेलेलं सापडलं की 'अंडी खराब निघाली' म्हणतात. अंडी चांगली होती. पिल्लं आत बुडाली.

पाणी किती जायला हवं हे वजनावरून कळतं. 25व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन सुमारे 13 टक्क्यांनी घटलं पाहिजे. 75 ग्रॅमची दहा अंडी एकत्र तोला: पहिल्या दिवशी 750 ग्रॅम, 7व्या दिवशी सुमारे 723, 14व्या दिवशी 695, 25व्या दिवशी 652. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा यासाठी पुरतो. 7व्या दिवशी उजेडात पाहून वांझ अंडी काढली, तर उरलेल्यांचा हिशेब नव्यानं मांडायचा. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक अंड्यावर त्याचं वजन पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं बरं. वजन हव्या त्यापेक्षा कमी घटलं तर पाणी काढा, जास्त घटलं तर वाढवा. 55 टक्क्यांच्या आसपास सुरुवात करा, पण अखेरचा शब्द काट्याचा.

'भांडं कायम भरलेलं' हा सल्ला इंदुरात दोन ऋतूंत दोन वेगळ्या गोष्टी करतो. ऑगस्टमध्ये बाहेर 26 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा यंत्रात 37.5 अंशांपर्यंत तापल्यावर 47 टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे पाण्याचा थेंबही न घालता आपण जवळजवळ हव्या त्या आकड्यावर असतो. त्यात भांडं भरलं की अंडी कोंडली. मे महिन्यात दुपारी 42 अंश आणि 15 टक्के असेल, तर यंत्रात 20 टक्केही राहत नाही. तेव्हा पाणी हवंच, नाहीतर उलटी अडचण: पोकळी अति मोठी होते, पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि ते वळू शकत नाही. खोलीत कूलर चालू असेल (28 अंश, 60 टक्के) तर यंत्रात साधारण 35. हिवाळ्याला लोक 'गारवा' समजून गाफील राहतात, पण 20 अंशांची, 45 टक्के आर्द्रतेची खोलीतली हवा यंत्रात तापल्यावर 16–17 टक्क्यांवर येते. जानेवारी मे इतकाच कोरडा. पाण्याची खोली महत्त्वाची नाही, पसारा महत्त्वाचा: उंच ग्लासापेक्षा पसरट ताटली जास्त काम करते, आणि ओला स्पंज त्याहून जास्त.

हे सगळं आर्द्रतामापक खरं बोलत असेल तरच. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चार थेंब पाण्यानं ते ओलसर करा, विरघळवू नका. मापकासोबत घट्ट पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आकडा 75 आला पाहिजे; 68 आला तर तुमचा मापक 7 कमी दाखवतो.

संदेशातला 75 चा आकडा अगदीच हवेतला नाही, तो शेवटच्या तीन दिवसांचा आहे. 25व्या दिवशी अंडी फिरवणं थांबवा, आर्द्रता 70–75 वर न्या, झाकण बंद. (मस्कोवी बदकाला 28 नव्हे, 35 दिवस लागतात, तिथे हाच बदल 31–32व्या दिवशी.)

गार पाण्यानं धुणं तर मुळीच नको. उबदार अंडं गार पाण्यात गेलं की आतला ऐवज आकसतो आणि छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. अशी अंडी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सडतात, कधी यंत्रातच फुटतात आणि शेजारच्या अंड्यांनाही नासवतात. बदकी पहाटे घालते, म्हणून सकाळी लवकर अंडी उचलायची आणि खाली रोज कोरडा पेंढा घालायचा. चिखलानं माखलेलं अंडं ठेवूच नका. धुणं टळतच नसेल तर पाणी अंड्यापेक्षा गरम, 40–45 अंशांचं हवं.

37.5 अंश पंख्याच्या यंत्रासाठी बरोबर आहेत. थर्माकोलच्या बिनपंख्याच्या डब्यात हवेचे थर पडतात. तिथे थर्मामीटर अंड्याच्या वरच्या कडेला धरून 38.3 ते 38.8 हवं. तळाशी 37.5 दाखवत असेल तर वर खूपच जास्त असू शकतं. आणि माळव्यात मार्च-एप्रिलमध्ये दिवस-रात्रीचा फरक 15 अंशांहून जास्त जातो, तेव्हा असा डबा गच्चीला लागून असलेल्या खोलीत ठेवू नका.

राहिला कवच फोडण्याचा सल्ला. कोंबडीचं पिल्लू चोच मारल्यावर बहुधा दिवसभरात निघतं. बदकाचं 24 ते 48 तास घेतं. त्या वेळात पापुद्र्याच्या रक्तवाहिन्यांतलं रक्त आणि उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जात असतो. घाईनं फोडलं की रक्त वाहतं आणि बलकाची पिशवी बाहेर राहते. शिवाय दर वेळी झाकण उघडलं की शेजारच्या, चोच मारलेल्या अंड्यांचा पापुद्रा वाळतो. छिद्र पडून 36–48 तास झाले, पुढे काहीच नाही आणि पापुद्रा तपकिरी, कोरडा दिसतो, तरच हात घाला: कोमट पाण्याच्या ओल्या कापसानं पापुद्रा मऊ करून पोकळीवरचं कवच तेवढंच कणाकणानं काढा. लाल रेष दिसली की थांबा, अंडं परत ठेवा आणि चार-सहा तासांनी पुन्हा पाहा.