बॅटरी म्हणजे फ्रोझन मटार नव्हे

तळोजा ते भिवंडी, गोदामांच्या ग्रुपांवर 'एचएचटीची (बारकोड वाचणाऱ्या हातातल्या यंत्राची) बॅटरी दुप्पट टिकवा' हा मेसेज फिरतोय. आता मेहुण्यानेही तो इमानेइतबारे पुढे ढकलला, म्हणून हे लिहिणं.

त्यातला सगळ्यात भयंकर सल्ला: उतरलेली किंवा फुगलेली बॅटरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी थेट क्रेडलला, म्हणजे चार्जिंगच्या स्टँडला लावा. अहो, शून्य अंशाखाली लिथियम-आयन चार्ज केली की लिथियम बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरात शिरत नाही, वरच धातू होऊन साचतं. तेवढी क्षमता कायमची गेली. त्या धातूचे सुईसारखे काटे वाढून आतला सेपरेटर (दोन टोकं वेगळी ठेवणारा पातळ पडदा) भोसकला गेला, तर शॉर्ट. चांगला क्रेडल गारठलेली बॅटरी घेतच नाही, एररचा दिवा लुकलुकतो. लोकल चार्जर मुकाट करंट ढकलतो. त्यात पावसाळ्यात तुर्भ्याच्या हवेत बाहेर काढली की दोन मिनिटांत अंगभर दव, नेमकं पिनांवरही. कोल्ड स्टोरेजवाल्यांनी बॅटरी पुसून तासभर बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी, मग लावावी.

फुगलेली थंडीने जरा बसल्यासारखी वाटेलही, पण आतला गॅस कुठे जाणार? ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर नाहीच. पिनांवर टेप लावून खोक्यांपासून लांब ठेवा आणि पुरवठादाराला परत द्या. बॅटरी कचऱ्याच्या 2022 च्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, भंगारवाल्यावर नाही.

गारव्यात बॅटरी हळू म्हातारी होते, एवढं मात्र खरं. 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या वेबसाइटचा तक्ता बघा: 40 टक्के चार्ज करून 25 अंशांत वर्षभर ठेवली तर 96 टक्के क्षमता उरते, पूर्ण भरून 40 अंशांत ठेवली तर 65. आणि आपण काय करतो? मे महिन्यात मेझनाइनवर (गोदामातल्या पोटमाळ्यावर), पत्र्याला डोकं टेकेल अशा जागी क्रेडल मांडतो आणि स्पेअर बॅटऱ्या त्यातच आठवडाभर सोडतो. क्रेडल खाली पंख्याजवळ आणा, न लागणाऱ्या स्पेअर अर्ध्या चार्जवर काढून ठेवा. फ्रीझरची हौस एवढ्यात भागते.

'शून्यावर आल्याशिवाय लावू नका' हा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला नियम. लिथियमला जेवणाच्या सुट्टीत 40 वरून 80 टक्क्यांवर नेलेलं जास्त मानवतं. टक्के एकदम 40 वरून 12 वर उडी मारत असतील तर एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरा. त्याने टक्के दाखवणारा मीटर सुधारतो, बॅटरी नाही. शून्यावर आलेली मात्र ड्रॉवरमध्ये विसरू नका, महिन्या-दोन महिन्यांत ती क्रेडललाही ओळख देत नाही.

'नवी 12 तास चार्ज करा': भरली की क्रेडल स्वतःच थांबतो, पुढचे तास वाया.

'पिना सँडपेपरने घासा': त्यावरचा सोन्याचा पातळ मुलामा निघतो, मग खाडीची दमट खारी हवा उरलेलं काम करते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, सुकू द्या, झालं.