“सगळ्या सेव्हनची चेसिस एकच” म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

हा मेसेज आठ दिवसांत मला चौघांनी पाठवला, शेवटचा आमच्या भाच्यानं, आणि वर अंगठा लावून. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हाय, प्रोजेक्ट म्हणून सेव्हनसारखी गाडी (इंग्लंडच्या लोटस कंपनीची जुनी, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स गाडी) बनवायलाय, म्हणून वाटलं की एकदाच नीट लिहावं. मेसेज थोडक्यात असा: लोटस सेव्हन, तीच गाडी पुढं बनवणारी कॅटरहॅम, आन घरी बनवायची लोकॉस्ट, ह्या सगळ्यांची चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, एकच, फक्त छोटी-मोठी. मोठी पाहिजे असेल तर ड्रॉइंग ५ टक्के स्केल करा. लोकॉस्टची ४४२ नावाची मोठी फ्रेम म्हणजेच कॅटरहॅमची मोठी गाडी एसव्ही. रुंदी ब्रोशरमधून घ्या, कुठलाही एक्सल बसतो. आणि पासिंगचं टेन्शन नाही, कारण डिझाइन जुनंच हाय.

माझं वाळूजला छोटं फॅब्रिकेशनचं काम हाय, गेट आन शेड बनवतो, त्यामुळं मी काही ऑटोमोबाइलवाला नाही. पण पाईप कापून वेल्ड केल्यावर काय होतं ते रोज बघतो.

“एकच चेसिस” हे पहिलं वाक्यच गडबड हाय. लोटसनं सेव्हन १९५७ ला काढली, पाईपांची जाळी आन वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. सिरीज २ मधे त्याच फ्रेममधले पाईप कमी केले. १९७० ची सिरीज ४ तर दिसायला पण वेगळी, फायबरची बॉडी. १९७३ ला हक्क कॅटरहॅमकडं गेले आन त्यांनी थोड्याच दिवसांत ४ सोडून परत सिरीज ३ चा साचा धरला. लोकॉस्ट ही तर घरी बनवायची गाडी, फोर्ड एस्कॉर्टचे पार्ट डोळ्यापुढं ठेवून काढलेली. चुलतभाऊ आहेत सगळे, पण चुलतभावाचा शर्ट आपल्याला होतोच असं नाही ना.

आता ५ टक्के स्केल. हे वाचून मी कॅल्क्युलेटर काढला राव. कॅटरहॅमची एस३ (सिरीज ३ च्या साच्याची नेहमीची छोटी गाडी) घ्या, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आन मागच्या चाकांमधलं अंतर, २२२५ मिमी, गाडीची रुंदी १५७५. मोठी एसव्ही, जी २००० साली उंच आन रुंद माणसांसाठी काढली, तिचा व्हीलबेस २३०५, रुंदी १६८५. म्हणजे लांबीत ८० वाढले, साधारण साडेतीन टक्के, आन रुंदीत ११०, म्हणजे ७ टक्के. सारखं काहीच वाढलं नाही. एस३ ला ५ टक्क्यांनी ताणलं तर व्हीलबेस येतो २३३६, एसव्हीपेक्षा ३१ मिमी जास्त, आन रुंदी येते १६५४, एसव्हीपेक्षा ३१ मिमी कमी! दोन्हीकडं सारखीच चूक, फक्त उलट्या दिशेनं, म्हणून सरासरी काढणाऱ्याला वाटतं जमलं. आन जागा पाहिजे होती ती खांद्याला आन पायाला, एस३ मधे पेडल इतके जवळजवळ असतात की लोक पातळ बूट घालून चालवतात. तिथं रुंदी द्यायची सोडून तुम्ही लांबी देऊन बसलात. बरं २५ चा चौकोनी पाईप ५ टक्के स्केल केला की २६.२५ होतो, तो कोणत्या दुकानात मिळतो ते मला पण सांगा. इंजिन, गिअरबॉक्स, बेअरिंग पण स्केल होत नसतेत.

४४२ आन एसव्हीचं. ४४२ म्हणजे मूळ लोकॉस्टच्या फ्रेमपेक्षा ४ इंच लांब, ४ इंच रुंद, २ इंच उंच. चार इंच म्हणजे १०१.६ मिमी. एसव्हीची वाढ ८० आन ११०. जवळपास हाय म्हणाल, पण सस्पेंशनच्या ब्रॅकेटला ८ मिमी म्हणजे जवळपास नसतं, आन मुळात जिच्यात हे मिळवायचं ती फ्रेमच दोघांची वेगळी.

ब्रोशरच्या रुंदीवर जरा थांबतो, कारण भाचा तिथंच फसला होता. कॅटरहॅमची एक छोटी गाडी होती, सेव्हन १६०, सुझुकीचं ६६० सीसीचं टर्बो इंजिन आन मागं सुझुकीचाच एक्सल. तिची रुंदी १४७० मिमी, जपानच्या केई गाडीची (तिकडच्या नियमातली सगळ्यात छोट्या गाड्यांची जात) हद्द १४८० हाय त्याच्या आत बसवलेली. मेसेजच्या हिशोबानं तिची चेसिस १०५ मिमीनं अरुंद पाहिजे. पण ती एस३ चीच चेसिस हाय! कमी झालं ते डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आन मडगार्ड. म्हणजे ब्रोशरमधली रुंदी ही मडगार्डच्या टोकापासून टोकापर्यंत असते, फ्रेमची नाही. त्यामुळं “कुठलाही एक्सल बसतो” ह्याला काय अर्थ हाय, आधी एक्सल पाटावर ठेवा, ड्रमच्या तोंडापासून तोंडापर्यंत टेप लावा, मग फ्रेमचं बोला.

ह्यात माझी पण एक फजिती हाय, लपवत नाही. तीन वर्षांखाली एका मित्रासाठी असाच सांगाडा घेतला होता, ड्रॉइंगवर मापं पाईपच्या मध्यापासून मध्यापर्यंत होती आन मी ती बाहेरून बाहेर धरून कापली. दोन्ही बाजूला साडेबारा-साडेबारा, मिळून २५ मिमी गेले. फरशीवर खडूनं आखलेलं होतं, गुण्या लावलेला होता, दोन्ही कर्ण मोजले तर दोरीला दोरी सारखे, सगळं एकदम बरोबर दिसायलं. चुकलेली चौकट पण चौकोनीच असते ना, कर्ण कसा सांगणार. शेवटी सीट आणली तर ती टनेल (दोन सीटच्या मधला उंचवटा) आन बाजूच्या पाईपच्या मधे अडकून बसली, ना खाली ना वर. मित्र म्हणाला, “मी बसतो की, वजनानं जाईल खाली.” तो बसला, आन दोघंही अडकले.

राहिलं पासिंग. डिझाइन जुनं असलं म्हणून काही होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणं नवीन वाहनाचा प्रोटोटाइप, म्हणजे पहिला नमुना, मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, पुण्यात एआरएआय हाय, आपल्याला जवळची म्हणजे अहिल्यानगरची व्हीआरडीई. आरटीओच्या खिडकीवर “साहेब, ही लोटसच हाय” म्हणून भागत नाही. कॉलेजच्या आवारात फिरवायची असेल तर ठीक हाय, पण रोडवर नेऊ नका.

भाच्याला एवढं सगळं पाठवलं तर त्याचं उत्तर आलं, “मामा, मग मी एस३ घेऊ का एसव्ही?” म्हटलं बाबा, तुझी उंची सहा फूट, रविवारी शेडवर ये, खुर्चीत बसवून तुझ्या खांद्याचं आन पायाचं माप घेतो. एक्सल पण घेऊन ये, फोटो पाठवू नको.