माझ्या पोराचं उत्तर चुकलेलं नाही

संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहून टाकते. लांबणार आहे, ज्यांना सवड असेल त्यांनीच वाचा.

पोराची इतिहासाची चाचणी झाली, आज पेपर मिळाला. प्रश्न असा: नदीकाठी उदयाला आलेल्या चार प्राचीन संस्कृती आणि त्यांच्या नद्या लिहा. त्यानं लिहिलं, ईजिप्त – नाईल. मेसोपोटेमिया – तैग्रिस, युफ्रेटिस. हडप्पा – सिंधू. इनामगाव – घोड. चौथ्या ओळीवर लाल फुली आणि शेजारी शेरा, ‘नीट अभ्यास कर’. चीनची ह्वांग हो हवी होती म्हणे.

एक गुण गेला त्याचं मला काही नाही. पण पोरगं दप्तर ठेवता ठेवता विचारतं, “आई, मग पणजीची गोष्ट खोटी आहे का?” तेव्हापासून मी धुमसतेय.

पणजी म्हणजे माझी आजी. आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. बहात्तरच्या दुष्काळात शेतात काही उरलं नव्हतं, सुकडीवर दिवस काढत होते लोक. आजी रोजंदारीवर जायची, इनामगावला, डेक्कन कॉलेजच्या उत्खननावर. १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं हंगामामागून हंगाम खोदकाम चाललं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही पुरातत्त्वातली सगळी मोठी माणसं त्यात होती. पुस्तकांवर त्यांची नावं आहेत आणि ती असायलाच हवीत. पण पाटीत माती भरून वाहणाऱ्या हातांत माझ्या आजीचे हात होते. धाकटा काका तेव्हा तान्हा होता. बाभळीला झोळी बांधून त्याला त्यात ठेवायची आणि कामाला लागायची.

एके दिवशी एका घराची जमीन उकरताना दोन मडकी निघाली. आडवी ठेवलेली, तोंडाला तोंड लावून. कुंचल्यानं माती बाजूला केली तर आत तान्ह्या बाळाची हाडं. तीन हजार वर्षांपूर्वीचं बाळ, घराच्या जमिनीखाली, आई जिथं भाकरी करत असेल तिथून हातभर अंतरावर. साहेब लोक मापं घेत होते, चित्रं काढत होते. आजी पाटी तिथंच टाकून बाभळीकडे पळाली आणि झोळीतल्या पोराला उराशी धरून बसली. मला सांगताना ती नेहमी म्हणायची, “लेकराला कुणी लांब टाकतंय व्हय गं? आईनं उंबऱ्याच्या आत ठिवलं हुतं.”

ही माणसं संस्कृतीत मोजायची नाहीत?

मान्य, इनामगाव म्हणजे मोहेंजोदडो नाही. लिपी नव्हती, भाजक्या विटांची गटारं नव्हती, शहर नव्हतं. व्याख्येवर बोट ठेवलं तर बाईंचं बरोबर निघेल. ठेवा बोट.

पण ‘नदीकाठी संस्कृती उदयाला आली’ हे वाक्य पोरांकडून घोकून घेताना ती कशी आली हे कुणी सांगतं का? नदी काय आपोआप संस्कृती देते? ईजिप्तला नाईलची देणगी म्हणायची रीत आहे. नाईल त्यातल्या त्यात गुणी नदी, उन्हाळ्याच्या शेवटाला पूर यायचा, गाळ पसरायचा, पाणी ओसरलं की त्या ओलीवर पेरायचं. तैग्रिस-युफ्रेटिसचं तसं नव्हतं. तिकडे डोंगरावरचं बर्फ वितळून वसंतात पूर यायचा, नेमका पीक कापणीला आलं की. आणि पेरणीच्या वेळी नदी खाली गेलेली. मग बांध घाला, कालवे खणा, गाळ उपसा, पाण्याची पाळी ठरवा, पाळीवरून भांडा आणि ती भांडणं मिटवायला कुणाला तरी बसवा. तिथून पुढे राज्य, हिशेब, लिखाण. पाणी भरभरून दिलं तर जमिनीत मीठ वर आलं, आणि गहू सोडून लोक जवाकडे वळले. आपल्या उसाच्या पट्ट्यात क्षारपड झालेली रानं ज्यांनी बघितलीत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि आमची घोड? भीमाशंकरच्या बाजूला सह्याद्रीत उगवते आणि खाली येते तेव्हा अवर्षणाच्या पट्ट्यातून वाहते. पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात डबकी. अशा नदीच्या काठी, साधारण इ.स.पू. १६०० पासून, काळ्या जमिनीत माणसं राहिली. जव पिकवला, गहू, मसूर, वाटाणा पिकवला. नुसतं आभाळाकडे बघत बसली नाहीत. इ.स.पू. १४०० नंतरच्या थरात दगडमातीचा बांध आणि त्याला लागून पाण्याचा पाट सापडलाय. पुराचं पाणी अडवून शेताकडे न्यायचा पाट, तोही या तालुक्यात, जिथं आजही पाटाला पाणी सुटलं की माणूस रात्री बॅटरी घेऊन रानात पळतो! आजीला हा पाट काय आहे हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

तसंच पेवाचं. घरांच्या आत-बाहेर जमिनीत गोल खड्डे निघाले, धान्य साठवायचे. साहेब लोकांनी मजुरांना विचारलं असेल-नसेल, मला माहीत नाही, पण आजी सांगायची, “आमी म्हणलं, हे तर प्याव हाय.” पेव फुटलं असं आपण उठसूट म्हणतो, पण भरलेलं पेव बघितलेली माणसं आता किती राहिली? तिच्या सासऱ्यांच्या वाड्यात होतं. मला राहून राहून हेच दिसतं, की दुष्काळात रिकाम्या पोटी बाया तीन हजार वर्षांपूर्वीची धान्याची पेवं उकरतायत. भरलेली कधी होती हे त्यांना बघूनच कळत होतं.

माझ्या मते गोष्ट सुरू होते ती या पेवापासून. नदी सगळ्यांना सारखंच पाणी दाखवते. खाऊन उरलेलं धान्य ज्या दिवशी कुणी जपून ठेवलं, त्या दिवसापासून गावात कुंभार नुसती मडकी घडवून पोट भरू शकला. इनामगावला कुंभाराचं घर सापडलंय, सोनाराचं, चुना भाजणाऱ्याचं, हस्तिदंताचं काम करणाऱ्याचं. सगळी वस्तीच्या पश्चिमेच्या कडेला. आणि मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर, त्याला लागून कोठार. कोठाराची किल्ली कुणाकडे होती ते सांगायलाच नको. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष मिळाला. बाकीच्या मोठ्या माणसांना पुरताना पावलं घोट्याखाली तोडायचे, याची मात्र शाबूत. म्हणजे मोठं-लहान, आत-बाहेर हेही त्याच धान्यातून आलं. हे मला आवडत नाही, पण आलं तिथूनच.

मध्ये उठून पोराला जेवायला वाढलं. राग थोडा उतरलाय. बाईंकडे एवढाल्या वह्यांचे गठ्ठे असतात, उत्तरपत्रिकेत चार नावं छापलेली असतात, त्यांनी फुली मारली. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही मारली असती. त्यांच्यावर नाही राग.

राग याचा आहे की आपल्याला आपलं काही लागतच नाही. प्रवरेकाठी जोर्वे आहे, संगमनेरजवळ, १९५०-५१ मध्ये तिथं खोदलं आणि त्या लाल भांड्यांवरच्या काळ्या नक्षीला जगभर ‘जोर्वे’ म्हणतात. नेवासं आपल्याला ज्ञानेश्वरांमुळे माहीत, पण त्याच नेवाशात त्यांच्या अडीच हजार वर्षं आधी माणसं शेती करत होती हे किती जणांना ठाऊक आहे? प्रवरेकाठच्याच दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल माणसाला झाडाचं मूळ उकरताना ब्राँझचा बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, सगळे मिळून साठ किलोंच्या वर. तापीकाठचं प्रकाशे, गिरणेकाठचं बहाळ. यातली एक तरी नदी पोरांच्या पेपरात ‘बरोबर’ ठरू दे ना!

आणि नद्यांचं आपण काय केलंय? गेल्या उन्हाळ्यात गावी गेले होते. रात्रभर वाळूचे डंपर. नदीत खड्डे, एवढे की म्हैस दिसणार नाही. ज्या काठानं तीन हजार वर्षांची चूल आणि पेव जपून ठेवलं, तो काठ आपण ढासळवला. घरं बांधायला वाळू लागते, हो, माझ्या फ्लॅटलाही लागली असणार. तरी बघवत नाही.

इनामगावचं पुढं काय झालं तेही पोराला सांगितलं. इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊसमान घटत गेलं. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. जव कमी झाला, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढली. इ.स.पू. ७०० च्या आसपास वस्ती उठली. त्यानं विचारलं, “मग ते गेले कुठे?” मी म्हटलं, मेंढरं घेऊन पाण्यामागं गेले असतील. आमच्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे अजून रानात उतरतात, ते त्यानं बघितलेत. तो गप्प बसला.

आत्ता धाकट्या काकाला फोन केला होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, झोपायच्या तयारीत होता. विचारलं, काका, ती झोळीची बाभूळ आहे का रे अजून? म्हणाला, “ती कवाच गेली. पण जागा दावतो की. आई जिवंत असताना दर खेपेला दावायची. ये पोराला घेऊन.”

रविवारी सहाच्या गाडीनं निघतोय. पेपर पोरानं दप्तरात घातलाय, काकाआजोबांना दाखवायचा म्हणून.