आटे फ्रेंच, डोकं इंग्लिश

शनिवारी गॅरेजचं दार उघडलं तर पेट्रोलचा वास. पुढच्या कार्बोरेटरच्या तळातून थेंब थेंब गळत होतं. गाडी १९५१ची एमजी टीडी, दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, काकांनी माझ्या हवाली केलेली. रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हे सांगितलं आणि वाद पेटला.

"दोन्ही एसयू कार्बोरेटर काढून टाक," बंड्या म्हणाला. त्याची हयात गाड्यांत गेली आहे, त्याचं बोलणं उडवून लावता येत नाही. "एखादं जपानी इंजिन टाक, पाच गिअरचा बॉक्स बसव. बॉडी तीच ठेव. बघणाऱ्याला काय कळतंय?"

"चालवणाऱ्याला कळतं ना रे."

अण्णांचं मत अगदी उलट. "हातच लावू नकोस. चालवूही नकोस. कापड घालून ठेव, हॉर्निमन सर्कलच्या रॅलीला तेवढी काढ. अ‍ॅबिंग्डनला एमजीच्या कारखान्यात या तीस हजारांच्या आतच बनल्या, १९५३ साली संपल्या. त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. आपल्याकडे उरल्यात किती?"

अण्णा, तुमचा जीव गाडीत आहे हे मला ठाऊक आहे. पण मुंबईत उभी गाडी लवकर मरते. टीडीच्या पत्र्याखाली अ‍ॅश लाकडाचा सांगाडा असतो. काकांची तब्येत बिघडल्यावर गाडी पाच पावसाळे बंद होती. नंतर मी दाराच्या खांबाला स्क्रूड्रायव्हर लावला, तर उकडलेल्या रताळ्यात जावा तसा आत गेला. वाळवी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, सिलिंडर आतून गंजतात. कार्बोरेटरच्या जेटभोवती, म्हणजे पेट्रोलच्या बारीक नळीभोवती, बुचाची सील असते, तीही सुकून आकसते. शनिवारची गळती तीच. पावसाळाभर मी गाडी काढली नव्हती, चूक माझी.

"म्हणूनच सांगतो, नवं इंजिन घाल," बंड्या.

मग मी त्याला बोल्टाची गोष्ट सांगितली. टीडीचं १२५० सीसीचं एक्सपीएजी इंजिन मॉरिस या ब्रिटिश मोटार कंपनीच्या घराण्यातलं. मॉरिसनं १९२३ साली कव्हेंट्रीचा हॉचकिसचा कारखाना घेतला. ती फ्रेंच कंपनी, यंत्रं मेट्रिक आट्यांची. ब्रिटिश मेकॅनिकच्या पेटीत मात्र पाने व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे. म्हणून या इंजिनाच्या बोल्टाचं डोकं व्हिटवर्थचं आणि आटे फ्रेंच, आठ मिलिमीटर जाडीला एक मिलिमीटर अंतराचे. आज दुकानात मिळणारा आठचा बोल्ट सव्वा मिलिमीटर आट्यांचा. दोन फेरे सुखानं जातो, मग अडकतो. एका गॅरेजवाल्यानं माझा असा बोल्ट जोर लावून पिळला आणि ब्लॉकचे आटे गेले. ते भोक वाचवायला महिना गेला. त्या महिन्यात हे इंजिन मला कळलं. असं इंजिन मी काढून फेकू?

डॉक्टर एवढा वेळ गप्प होते. त्यांनी २०२१च्या केंद्राच्या नियमांची आठवण दिली. व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर हवा असेल तर गाडी पन्नास वर्षांवरची हवी, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. बंड्याचा बेत तिथेच बारगळला. पण तो मागे हटला नाही. "आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिळतं. ते पाणी धरतं, जुनं रबर फुगवतं. तिथे तुझं मूळ रूप काय कामाचं?"

हे त्याचं अगदी खरं होतं. पेट्रोल बदललं म्हटल्यावर पेट्रोलला लागणारं सगळं बदलायलाच हवं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, बुचाच्या जागी व्हिटॉनच्या, म्हणजे पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या रिंगा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनलाही माझी हरकत नाही. ते डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली मावतं, फक्त या गाडीला पॉझिटिव्ह अर्थचं लागतं, कारण हिच्या बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. माझा हट्ट एवढाच, की जे बसवू ते उद्या काढता आलं पाहिजे. कापायचं नाही, ड्रिल मारायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. माझ्यानंतर ही गाडी ज्याच्याकडे जाईल त्याला पुन्हा बूच घालावंसं वाटलं, तर घालता यावं.

"हे चालेल," अण्णा म्हणाले. बंड्या उठला. "रिंगा आणल्यास का?"

आणलेल्या होत्या. दुपारी दोन्ही जेट बंड्यानंच उतरवले. फडक्यावर एकेक वॉशर क्रमानं मांडला, जुनं बूच चिमटीत धरून अण्णांना दाखवलं. ते सुपारीसारखं कडक झालं होतं.

जोडून झाल्यावर मी चावी फिरवली. एसयूचा पेट्रोल पंप टकटकायला लागला. गळती असेल तर तो थांबत नाही. आधी भराभर, मग सावकाश, मग एक शेवटची टक्, आणि शांत. अण्णांनी कार्बोरेटरखाली पसरलेला पेपर उचलला, हात फिरवून पाहिला. कोरडा होता.

"आता चोक ओढ," बंड्या म्हणाला.