विसर्जन मिरवणुकीच्या फिल्मचा क्रम चुकला : आपल्या तक्रारीला स्टुडिओचं उत्तर

नमस्कार दादा,

आपण एक स्टार देऊन लिहिलंय की मंडळाच्या कोल्हापुरातल्या अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीच्या फिल्ममध्ये पापाची तिकटी आधी आणि मिरजकर तिकटी नंतर आलीय, गंगावेशीतली हलगी महाद्वार रोडवरच्या लेझीमच्या आधी वाजतेय. विचारायला आल्यावर काउंटरवर "तुमच्या पोरांच्या फोनमधली वेळच चुकीची होती" असं ऐकावं लागलं, हेही लिहिलंय. तक्रार पूर्ण बरोबर आहे. फोनची वेळ बरोबर होती. चूक आमच्याकडे, फाइली संगणकात घेताना (इम्पोर्टमध्ये) झाली. न तपासता दोष मंडळावर टाकला, त्याबद्दल सगळ्या कार्यकर्त्यांची माफी मागतो.

नेमकं काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण इतर मंडळांनाही आणि लग्नाचे व्हिडिओ गोळा करणाऱ्यांनाही हाच त्रास होतो.

फोटो आणि व्हिडिओ वेळ वेगवेगळ्या रीतीने लिहून ठेवतात. फोटोच्या आत घड्याळातली स्थानिक वेळ जशीच्या तशी बसते. रात्री १२:४० ला काढलेला फोटो १२:४० च सांगतो. ही वेळ कुठल्या देशातली, हे लिहायची जागा फोटोच्या एक्झिफ नोंदीत (कॅमेरा फोटोच्या आत लिहून ठेवतो ती माहिती) २०१६ पर्यंत नव्हतीच. एमपी४ आणि एमओव्ही व्हिडिओंचं तसं नाही. त्यांच्यात १ जानेवारी १९०४ च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले तो आकडा असतो, आणि नियमाप्रमाणे तो यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), म्हणजे आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असतो. फोनची गॅलरी दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवते, म्हणून तुम्हाला फोनवर वेळ बरोबर दिसते. फोटो-व्हिडिओ वेळेप्रमाणे लावणाऱ्या आमच्या कॅटलॉग सॉफ्टवेअरने तो आकडा तसाच स्थानिक वेळ म्हणून वाचला. पापाची तिकटीवर ७ सप्टेंबरला रात्री १२:४० ला घेतलेला व्हिडिओ ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ७:१० वर जाऊन बसला. मिरजकर तिकटीचे रात्री आठचे फोटो बरोबर जागी होते, म्हणून पापाची तिकटी त्यांच्या आधी आली. मिरवणूक मध्यरात्र ओलांडते तेव्हा ही चूक तारीखही बदलते. दिवसाच्या कार्यक्रमात ती पटकन लक्षात येत नाही, एवढाच फरक.

मग सगळ्या व्हिडिओंना सरसकट साडेपाच तास पुढे ढकलायचे? नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. बरेच डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेरे त्याच जागेत नियम मोडून थेट स्थानिक वेळ लिहितात. मंडळाच्या दोन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिप तशाच निघाल्या. त्यांना साडेपाच तास मिळवले तर रात्री १२:४० ची क्लिप सकाळी ६:१० वर जाते, म्हणजे फोनवाले सुधारतात आणि कॅमेरेवाले बिघडतात. एकच बटण दाबून दोघांचं काम होत नाही.

घरी ओळखायची सोपी रीत अशी. भारतीय वेळ लावलेल्या विंडोज संगणकावर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, तिथे 'मीडिया क्रिएटेड' बघायचं. विंडोज तो आकडा यूटीसी समजून स्थानिक वेळेत बदलून दाखवतं. फोनचा व्हिडिओ तिथे बरोबर दिसेल. स्थानिक वेळ लिहिणाऱ्या कॅमेऱ्याची क्लिप साडेपाच तास पुढची दिसेल. तिथली जागा रिकामी असेल तर वेळ फाइलमध्ये बहुधा नाहीच. 'डेट मॉडिफाइड'वर मात्र विसंबू नका, गुगल ड्राइव्हवरून उतरवलेल्या फाइलला बहुतेकदा उतरवल्याची वेळ चिकटते.

आता आम्ही अकरा फोन आणि दोन कॅमेरे यांचे वेगळे फोल्डर केलेत आणि प्रत्येकाचा नियम वेगळा तपासतोय. एका यंत्रातला एक फोटो आणि त्याच जागेवरचा एक व्हिडिओ समोरासमोर ठेवला की फरक शून्य आहे की साडेपाच तास, ते लगेच कळतं. आयफोनच्या व्हिडिओत स्थानिक वेळ टाइमझोनसकट आणखी एका जागी लिहिलेली असते, तीच घेतोय. काही कॅमेरे प्रत्येक क्लिपसोबत माहितीची एक छोटी फाइल (एक्सएमएल) ठेवतात, तिच्यातही टाइमझोन असतो. कार्ड कॉपी करताना लोक ती फालतू समजून गाळतात. कृपया गाळू नका.

अँड्रॉइडमध्ये आणखी एक अडचण आहे. बऱ्याच फोनमध्ये फाइलमधली वेळ रेकॉर्डिंग थांबवल्याची असते, सुरू केल्याची नव्हे. महाद्वार रोडवरचं एकोणीस मिनिटांचं सलग शूटिंग त्यामुळे एकोणीस मिनिटं उशिरा सरकलं आणि त्याच दरम्यानच्या दहा-दहा सेकंदांच्या क्लिप त्याच्या आधी लागल्या. अशा फाइलमधून लांबी वजा करावी लागते. फाइलच्या नावातली वेळ साधारणपणे सुरुवातीची असते, तिच्याशी ताळा घेता येतो. पण नावावरही डोळे झाकून भरवसा नको: सॅमसंगच्या नावात स्थानिक वेळ असते, गुगलच्या पिक्सेल फोनच्या नावात यूटीसी. मंडळात एक पिक्सेल आहे, त्याचं नाव आणि आतली वेळ दोन्ही साडेपाच तास मागे आहेत.

दुरुस्ती एक्झिफटूल या फाइलमधली वेळ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने, फक्त कॉपीवर करतोय. मूळ फाइलला हात लावलेला नाही. निव्वळ कॅटलॉगमध्ये वेळ बदलली तर ती फाइलमध्ये उतरेलच असं नाही, दुसऱ्या संगणकावर पुन्हा जुनीच दिसू शकते. म्हणून फाइलमध्येच लिहितोय.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या २३ क्लिपचं काम वेगळं आहे. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, चित्रीकरणाची मूळ वेळ पुसली जाते आणि नावात बहुतेकदा फक्त तारीख उरते. तीही मूळ चित्रीकरणाची असेलच असं नाही. या क्लिप आवाजावरून बसवतोय: हलगीचा तोच ठेका, तीच घोषणा दुसऱ्या फोनमध्ये सापडली की दोन्ही आवाजांच्या लाटा एकावर एक ठेवून वेळ मिळते. १४ बसल्या. नऊ राहिल्यात.

पुढच्या वर्षासाठी मंडळाच्या ग्रुपवर एवढं टाका. मिरवणूक निघण्यापूर्वी प्रत्येकाने एकाच घड्याळाचा, सेकंदकाटा दिसेल असा, एक फोटो आणि पाच सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. व्हिडिओ केबलने किंवा ड्राइव्हवर द्यावेत; व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचं असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. फोनवर आधी कापाकापी करू नका, कापलेल्या फाइलला अनेकदा नवी वेळ लागते. आयफोनवाल्यांनी केबलने देण्यापूर्वी सेटिंग्जमधल्या फोटोजच्या पानावर 'कीप ओरिजिनल्स' निवडावं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, तेव्हा तो एक्सएफएटी पद्धतीने फॉरमॅट करून आणा.

फिल्म नव्याने जोडून देतोय, त्याचे पैसे नाहीत. पहिल्या एडिटिंगचे घेतलेले पैसेही परत करतोय; खजिनदारांनी पावती घेऊन यावं, हरवली असेल तरी चालेल, नोंद आमच्या वहीत आहे. उरलेल्या नऊ क्लिपसाठी मात्र तुमची मदत लागेल. त्यात मागे दुकानांची बंद शटर आणि गर्दीच दिसते, आवाज कशाशी जुळत नाही. पूर्णवेळ पालखीसोबत चाललेला एखादा जाणता कार्यकर्ता अर्धा तास येऊन बसला तर जागा लगेच सांगेल. सकाळी अकरा ते रात्री आठ कधीही या, क्लिप पडद्यावर काढून ठेवल्यात.